पतसंस्थेचं सॉफ्टवेअर बदलताय? तयारीची यादी, आणि आधी फॉन्ट बघा

मागच्या वेळी एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर बदलताना आमची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, पैशापर्यंत जुळली होती. सहा शाखा, ठेवी, कर्ज, शेअर्स, पिग्मी, सगळं जुन्या सॉफ्टवेअरशी बरोबर. रविवारी रात्री आम्ही वडापाव खाऊन घरी गेलो. सोमवारी साडेदहाला सगळ्यात लांबच्या शाखेत एका आजींनी पासबुक भरून घेतलं, हात लांब करून वाचलं आणि खिडकीतून परत आत सरकवलं. "बाळा, ह्ये माझं न्हवं." नावाच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं, टिंबं आणि पौंडाच्या चिन्हांची भेळ होती. शिल्लक मात्र अचूक.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या संस्थेचं काम अंगावर आहे, म्हणून हे लिहून ठेवतोय. वर्क ऑर्डर, सर्व्हर, यूपीएस, इंटरनेटची दुसरी लाइन हे सगळ्यांना कळतं, त्यावर शब्द घालवत नाही. बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा. न उघडणाऱ्या बॅकअपचं पुढं काय करायचं असतं ते मला माहीत नाही.

तारीख ठरवताना चेअरमन मुहूर्त काढतील, काढू दे. तुम्ही फक्त नको ते दिवस खोडा. मार्च नाही. एप्रिल-मेमध्ये ऑडिटर बसलेले असतात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळं ऑगस्टपासून सेक्रेटरी अहवाल छापण्यात बुडालेला, तुमच्या प्रश्नाला उत्तर देणारा कुणी नाही. दिवाळीआधी ठेवी मोडायला रांग लागते. ऊसपट्ट्यातली संस्था असेल तर साखर कारखान्याची बिलं कधी जमा होतात तेही विचारा. उरतात ते दिवस तुमचे.

मीटिंगमध्ये कुणीतरी विचारणारच की अजाइल करताय (थोडं थोडं करून दाखवत) की वॉटरफॉल (सगळं ठरवून, टप्प्याटप्प्यानं). स्क्रीन आणि रिपोर्ट स्प्रिंटमध्ये, म्हणजे पंधरा-पंधरा दिवसांच्या तुकड्यांत करा. प्रत्येक तुकडा कॅशियरला बसवून दाखवा. चेअरमनना नको, त्यांना रंग आवडतात. पण अर्धी खतावणी या स्प्रिंटला आणि अर्धी पुढच्या असं होत नाही, ती एका रात्रीत आणि ठरलेल्या क्रमानंच जाते. म्हणून डेटा हलवण्याची रंगीत तालीम पहिल्या स्प्रिंटपासून धरा आणि दर वेळी खरा डेटा घ्या. आम्ही नमुना म्हणून शहरातल्या शाखेचा डेटा घेतला होता, कारण ती ऑफिसच्या जवळ. त्या शाखेत नावं इंग्रजीत भरलेली होती. बाकी पाच शाखांत मराठीत. झालं.

तर फॉन्ट. जुन्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतं म्हणून डेटाबेसमध्ये मराठी आहे असं समजू नका. आत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात. त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट, आणि तो क्लार्कच्या मशीनवर असतो. डेटाबरोबर तो येत नाही आणि कुठला होता याची नोंदही डेटाबेसमध्ये नसते. श्रीलिपीची मांडणी वेगळी, आकृतीची वेगळी, सी-डॅकच्या योगेश-सुरेखची वेगळी. एकाच कोडला इथं एक अक्षर, तिथं दुसरं. एखाद्या शाखेनं मधेच सॉफ्टवेअर बदललेलं असेल तर एकाच रकान्यात दोन फॉन्टमध्ये भरलेली खातेदारांची नावं खालीवर बसलेली सापडतात. डॉसच्या काळातला इस्कीमधला (भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या सरकारी कोडमधला) डेटा निघाला तर नशीब समजा. त्याचं १९९१ चं ठरलेलं मानक आहे आणि अक्षरं उच्चाराच्या क्रमानं आहेत.

म्हणून प्रत्येक शाखेत स्वतः जा. प्रत्येक शाखेत. तिथल्या मशीनवर कुठला फॉन्ट आहे ते बघा, त्याची फाईल कॉपी करून आणा आणि सगळ्यात जुन्या क्लार्कला विचारा की याआधी काय वापरत होता. फोनवर विचारलंत तर "मराठीच आहे की साहेब" असं उत्तर मिळतं. मला मिळालं होतं.

मग कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फॉन्टचे कोड युनिकोडमध्ये (सगळीकडं चालणाऱ्या आजच्या मानक कोडमध्ये) बदलणारा प्रोग्रॅम. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतील तशी साठवलेली असतात. 'शिंदे'मधली पहिली वेलांटी 'श'च्या आधी असते, युनिकोडमध्ये ती नंतर लागते. 'खर्डे'चा रफार जुन्यात 'ड'च्या मागून येतो, युनिकोडमध्ये 'र' आधी. हे क्रम नीट फिरवले नाहीत तर आडनावं अशी होतात की माणूस भांडायलाच येतो. त्यामुळं पाटील-जाधव तपासून खूश होऊ नका, ते कुठलाही कन्व्हर्टर करतो. कुऱ्हाडे, गोऱ्हे, शृंगारे, ज्ञानेश्वर, विठ्ठल, दत्तात्रय अशी वाकडी नावं वेगळी काढा आणि डोळ्यांनी वाचा. 'गोऱ्हे'मधला तो आडवा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात 'र'ला नुक्ता देऊन पाय मोडलेला, दुसऱ्यात साध्या 'र'चा पाय मोडून पुढं न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका तऱ्हेनं साठवलेलं नाव दुसऱ्या तऱ्हेनं शोधलं तर सापडत नाही. कॅशियर म्हणतो खातं नाही, खातेदार समोर उभा. सगळ्या डेटात एकच तऱ्हा ठेवा.

हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात का आलं नाही, यावर मी नंतर बराच विचार केला. रविवारी सात जण रिपोर्ट तपासत होते आणि सातही जणांची नजर उजव्या रकान्यावर होती. बेरीज. नाव कुणी वाचलंच नाही. आता माझा नियम असा की बेरीज जुळवणारा वेगळा आणि नावं वाचणारा वेगळा. नावं वाचणारा त्याच गावचा हवा, पुण्यातला मुलगा नको.

रकान्याची लांबीही बघा. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवण्याची नेहमीची पद्धत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, काना-वेलांटीलाही. बाइटमध्ये मोजलेल्या ४० च्या रकान्यात 'ज्ञानेश्वर पांडुरंग' घातलं की 'ज्ञानेश्वर पां' एवढंच उरतं, आडनावाची पाळी येतच नाही. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर असेल तर रकान्याचा प्रकार 'व्हारचार'चा 'एनव्हारचार' करा, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग पडते, आणि तिथून मूळ नाव परत येत नाही.

एसएमएस. इंग्रजी मेसेज १६० अक्षरांचा, मराठी ७० चा. जुनाच मजकूर मराठीत केला की एकाचे दोन किंवा तीन होतात आणि बिल आलं की सेक्रेटरी तुम्हाला शोधतो. मजकूर डीएलटीवर, म्हणजे एसएमएसचे मजकूर नोंदवायच्या मोबाइल कंपन्यांच्या पोर्टलवर, आधी नोंदवावा लागतो, तो शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

पिग्मी एजंटांची (रोजची छोटी ठेव गोळा करणाऱ्यांची) मशीनं आदल्या संध्याकाळी रिकामी करून घ्या. एक एजंट लग्नाला गेलेला असतो. त्याचं नाव आधीच काढून ठेवा. पासबुक प्रिंटर प्रत्येक शाखेत वेगळा असतो, नव्या फॉन्टमध्ये ओळ कुठं पडते ते कोऱ्या पासबुकावर बघा.

सगळ्या शाखा एकदम हलवू नका. २०१८ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं ५० लाखांहून जास्त ग्राहक नव्या सिस्टिमवर नेले, तेही मुख्यतः एकाच शनिवार-रविवारात. लोक आपल्याच खात्यात शिरू शकेनात. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोकला. त्यांच्याकडं माणसं आणि पैसे आपल्यापेक्षा जास्त होते. एक छोटी शाखा आधी हलवा, आणि मराठी नावांची निवडा. आम्ही जवळची निवडली होती, वर सांगितलंच.

आठ दिवस जुन्या आणि नव्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचर मारा. क्लार्क कुरकुरतील, चहा पाजा. रोज संध्याकाळी किर्द जुळवा आणि रोज दहा नावं वाचा.

गडबड झाली तर जुन्या सॉफ्टवेअरवर परत फिरायचं ते किती वाजेपर्यंत आणि कोण सांगणार, हे कागदावर लिहून सही घ्या. आमच्याकडं सोमवारी दुपारी बारापर्यंत चार शाखांत नवी व्हाउचर पडली होती, मग कसलं परत फिरणं. तीन रात्री नावं दुरुस्त करत बसलो.

शनिवारी दिवसअखेर, बॅकअप, डेटा, बेरजा, नावं. जेवण सांगून ठेवा. पासवर्ड वाटा. जुनं सॉफ्टवेअर नुसतं बघण्यापुरतं चालू ठेवा, ते मशीन कुणाला फॉरमॅट करू देऊ नका. फॉन्ट त्याच मशीनवर आहे.

सोमवारी लांबच्या शाखेत तुम्ही स्वतः थांबा. पहिलं पासबुक छापून झालं की खिडकीतून देण्याआधी त्यावरचं नाव मोठ्यानं वाचा.