जुनी इम्पल्स किंवा एक्सपल्स घ्यायची आणि इंदूरच्या आसपास चालवायची तर

इंदूरमधे राहून कच्च्या रस्त्याची गाडी कशाला पाहिजे, असं आमचे काका अजून विचारतात. पण सिमरोलच्या पुढे चोरलकडे जाताना डांबर सोडून एकदा गाडी खाली उतरवा, किंवा महूच्या पुढे जानापावच्या मागच्या बाजूला फिरून या, मग कळतं की साधी एकशे पंचवीसची गाडी तिथे बिचारी नुसती आपटत असते. नवी घ्यायचं बजेट नसेल तर हीरोच्या कच्च्या रस्त्यासाठीच्या दोन मोटरसायकली, जुनी इम्पल्स किंवा पहिल्या काळातली एक्सपल्स २०० बघा, आणि हे सगळं वाचून मग बघायला जा, कारण यात पैसे जसे वाचतात तसे बुडतातही.

इम्पल्स २०११ च्या शेवटी आली. होंडापासून वेगळं झाल्यावरची हीरोची ही सुरुवातीची गाडी, ब्राझीलमधे चालणाऱ्या होंडाच्या एनएक्सआर ब्रॉसवरून बनवलेली. इंजिन १४९.२ सीसीचं, हीरोच्याच हंक आणि सीबीझेड एक्स्ट्रीम या गाड्यांच्या घरातलं, त्यामुळे क्लच प्लेट, पिस्टन, टायमिंग चेन असलं सामान अजूनही मिळतं आणि गल्लीतल्या मिस्त्रीलाही ते इंजिन तोंडपाठ असतं. अडचण येते ती प्लास्टिकची आणि मागच्या मोनोशॉकची (मधोमध असलेला एकच शॉकअप), म्हणून टाकीच्या बाजूचे पॅनल फुटलेले असतील किंवा मागचा शॉकअप बसलेला असेल तर भाव तिथेच खाली आणायचा. एक्सपल्स २०१९ ची, पुढे २१ इंची चाक, ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी, दगडधोंड्यात इम्पल्सपेक्षा सरस, पण सीट ८२३ मिमी उंच आहे आणि वजनही वीसेक किलो जास्त, त्यामुळे उंची कमी असेल तर आधी बसून दोन्ही पाय टेकतात का बघा. मला स्वतःला इम्पल्सच आवडते, एकशे चौतीस किलोची गाडी चिखलात आडवी झाली तर एकट्याला उभी करता येते आणि एकट्याने फिरताना ही फार मोठी गोष्ट आहे.

आता कागद, गाडी बघण्याच्याही आधी. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, म्हणजे २०११-१२ ची इम्पल्स असेल तर २०२६-२७ मधे ते संपतं, मग फिटनेस करून पुढच्या पाच वर्षांसाठी रिन्यू करावं लागतं. विकणारा नेमकं हेच सांगत नाही. आरसीवरची तारीख बघा, एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून इन्शुरन्स आणि लोन आहे का ते बघा. लोन असेल तर बँकेची एनओसी आणि पस्तीस नंबरचा फॉर्म आधी हातात घ्यायचा, पैसे मग द्यायचे. गाडी नावावर करायच्या एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मवर समोर सह्या घ्या. आपल्याकडे बऱ्याच जणांचे मामा, आत्या पुण्याला असतात आणि तिथे गाडी स्वस्त मिळतेय म्हणून उचलून आणतात, पण एमएच नंबरची गाडी एमपी ०९ करायची म्हणजे तिकडच्या आरटीओची एनओसी आणि इथला टॅक्स नव्याने भरणं आलं, तो हिशोब धरला तर पुष्कळदा इथलीच परवडते.

गाडी बघायला जायचं ते सकाळी लवकर, इंजिन थंड असताना. मी पहिल्यांदा एक बघायला गेलो तर गाडी एकदम चकाचक, पण इंजिनजवळ हात नेला तर गरम! विकणारे भिया म्हणाले आत्ताच दूध आणायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच परत गेलो तर पाच मिनिटं सुरूच होईना, झाली तेव्हा मागून निळसर धूर, म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पोहे खाऊन घरी आलो. तेव्हा गाडी थंड असताना स्वतः सुरू करा, धूर बघा, आणि गरम झाल्यावर टायमिंग चेनची खडखड येते का ते कान देऊन ऐका.

मग खाली बसा, खरं तर आडवेच व्हा आणि इंजिनची बुडाची बाजू टॉर्च मारून बघा. दगडावर आपटलेली गाडी तिथे पकडली जाते, केसिंगला एम-सील थापलेलं किंवा वेल्डिंग केलेलं दिसलं तर सरळ नमस्कार करून निघा. हँडलच्या मुळाशी फ्रेमच्या जोडावर रंग तडकलाय का बघा, चेसिस नंबर तिथेच असतो तोही आरसीशी जुळवा. मग एकाला गाडी साइड स्टँडवर तिरकी करून पुढचं चाक उचलून धरायला सांगा आणि हँडल एका बोटाने हळू फिरवा. मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं हलकं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग गेलं. ही खाच डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच कळते, आणि अशी गाडी खडीवर आपोआप इकडे तिकडे पळते. तसंच मागचं चाक धरून आडवं हलवा, फक्त चाक हललं तर बेअरिंग, चिमट्यासकट (चाक धरणाऱ्या मागच्या दांड्यांसकट) हललं तर चिमट्याचे बुश. दोन्ही दुरुस्त होतात, फक्त खर्च कोणाचा ते आधी ठरवायचं. स्पोकवर स्क्रूड्रायव्हर टेकवत चाक फिरवा, टिंग टिंग वाजायला पाहिजे, मधेच थप्प आवाज आला तर तो ढिला. पुढच्या शॉकअपच्या पाइपवर बोट फिरवून ऑइल लागतं का तेही बघून घ्या. किलोमीटरच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही, मीटर बदलता येतो. फुटरेस्टचं घासलेलं रबर आणि वाकलेला ब्रेक पेडल बदलायचं मात्र कोणाच्या लक्षात येत नाही, त्यावरून गाडी किती चाललीय ते कळतं.

गाडी घरी आली की ऑइल, एअर फिल्टर, क्लच केबल, दोन्ही ब्रेक आणि ट्यूब आधी बघून घ्या. नवी क्लच केबल टाकताना जुनी, चालू असेल तर, तिच्या बाजूनेच टेपने बांधून ठेवा, जंगलात केबल तुटली की दहा मिनिटांत जोडता येते.

चालवायला पहिले दोन-तीन रविवार मोकळं मैदान धरा. फुटरेस्टवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी दाबायची, हात सैल सोडायचे, नजर चाकासमोर न ठेवता लांब. खडीवर पुढचा ब्रेक जोरात दाबाल तर पडाल, उतारावर दुसरा गिअर आणि मागचा ब्रेक हलका. मुरमाच्या रस्त्यावर मी टायरची हवा वीस-बावीस पीएसआयपर्यंत उतरवतो, त्याहून कमी नाही, कारण ट्यूब दगड आणि रिममधे चिमटून फाटते. आणि हवा उतरवली की पंप सोबत पाहिजेच.

माळव्याच्या काळ्या मातीबद्दल मात्र नीट ऐका. गाडी घेतल्यावरच्या पहिल्या जुलैत मी चोरलच्या बाजूला शेतातल्या वाटेने शॉर्टकट मारला, पाऊस आदल्या रात्रीच पडून गेलेला, वाटलं वाळलं असेल. पन्नास पावलांत टायरची नक्षी भरून गुळगुळीत झाली आणि पुढे ती माती कणकेसारखी थर बसत बसत चेन आणि मडगार्डमधे इतकी भरली की मागचं चाक फिरेचना. काठीने उकरत दोनशे मीटर यायला तास गेला, क्लचचा जळका वास येत होता तो वेगळाच. तेव्हापासून पावसानंतर दोन दिवस कडक ऊन पडल्याशिवाय काळ्या वाटेला जात नाही, मुरमाचे रस्ते धरतो, जाम गेटकडे जाऊन येतो.

नाला ओलांडायचा तर आधी चालत जाऊन बघा, गुडघ्याच्या वर पाणी असेल तर परत फिरा. पाताळपाणी, चोरलकडे पाऊस वर कुठेतरी पडतो आणि खाली पाणी अचानक वाढतं, २०११ च्या जुलैत पाताळपाणीला पिकनिकला आलेलं कुटुंब असंच वाहून गेलं होतं. गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारत बसू नका, ढकलून बाहेर काढा, प्लग काढून आत पाणी गेलंय का बघा. इम्पल्सचा मागचा ब्रेक ड्रमचा आहे, पाण्यातून निघाल्यावर थोडं अंतर तो हलका दाबून चालवा म्हणजे सुकतो, नाहीतर पहिल्याच वळणावर लागत नाही.

हेल्मेट, घोट्याच्या वर जाणारे बूट, ग्लोव्हज आणि गुडघ्याचे गार्ड, हे गाडीच्याच बजेटमधे धरा. आणि घरी आलात की कितीही दमला असाल तरी त्याच रात्री पाइप लावून माती धुवा, वाळली की ती सिमेंट होते. बेअरिंगवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, चेन पुसून ऑइल द्या, मग आत जा.