मिरिस्साला देवमासा बघायला जाताय? या चुका टाळा

मे महिन्याची सुट्टी, श्रीलंकेचं पॅकेज आणि त्यात एक सकाळ मिरिस्साला ‘व्हेल वॉचिंग’. बेत झकास वाटतो, पण घोळ त्या महिन्यातच आहे. मिरिस्सा श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की तिथला समुद्र खवळतो. पुढचे काही महिने पर्यटकांच्या बोटी एकतर निघत नाहीत, किंवा निघाल्या तरी बसणाऱ्यांचे हाल होतात. दक्षिणेला जायचं तर नोव्हेंबर ते एप्रिल, आणि त्यातही डिसेंबरपासून पुढे. म्हणजे नाताळची सुट्टी चालेल, उन्हाळ्याची नाही. मुलांच्या शाळेमुळे मे-जूनशिवाय जमतच नसेल, तर पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीत चौकशी करा. त्या दिवसांत तिकडचा समुद्र बराच शांत असतो.

हंगाम बोटींचा असतो, हे लक्षात घ्या. इथले निळे देवमासे इतर महासागरांतल्या आपल्या भाऊबंदांसारखे ध्रुवाकडच्या थंड पाण्यात चरायला जात नाहीत, उत्तर हिंदी महासागरातच राहतात. २००३ मध्ये श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डी व्हॉस एका संशोधन नौकेवर होत्या. तेव्हा त्यांना देवमाशांजवळ पाण्यावर तरंगणारी लालभडक विष्ठा दिसली. मोठे देवमासे उष्ण पाण्यात फारसं खात नाहीत, असं तोवर मानलं जायचं. पण विष्ठा इथे, म्हणजे जेवणही इथेच! त्यांचं पुढचं सगळं काम त्यातून उभं राहिलं. मिरिस्साजवळच्या डोंड्रा या श्रीलंकेच्या दक्षिण टोकापाशी समुद्राचा तळ किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल जातो. म्हणून जगातला हा सगळ्यात मोठा प्राणी इथे अर्ध्या दिवसाच्या फेरीत दिसू शकतो.

‘शकतो’ म्हटलंय. एकच सकाळ राखून ठेवणं ही पुढची चूक. गॉल, कँडी, नुवारा एलिया यांच्यामध्ये कोंबलेली एक सकाळ पावसात किंवा रिकाम्या समुद्रात गेली की संपलं. दोन सकाळी हाताशी ठेवा. दुपारची फेरी कोणी स्वस्तात देत असेल तरी नको. दिवस चढतो तसा वारा वाढतो, पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागतात आणि मग देवमाशाच्या श्वासाचा लांबचा फवारा ओळखूच येत नाही.

बोट लागते तेव्हा

‘मला गाडी लागत नाही, बोट कशाला लागेल?’ असं म्हणणारी माणसं बंदर सोडल्यावर तासाभराने कठड्याला धरून उभी दिसतात. गाडी लागत नाही म्हणून बोटही लागणार नाही, असं नसतं. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहतच नाही. ती निघण्याआधी तासभर घ्यायची असते, आणि कुठली घ्यायची ते डॉक्टरांना घरूनच विचारून यायचं. बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे पहिल्यांदा घेणार असाल तर आधी एखाद्या रविवारी घरी घेऊन बघा. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. बोटी पहाटेच निघत असल्यामुळे हॉटेलवाले नाश्ता बांधून देतात. त्यातला पाव-केळं खा, तेलकट राहू द्या.

वरच्या मजल्यावरून लांबचं दिसतं म्हणून सगळे तिकडे धावतात. पण डोलही तिथेच जास्त. ज्याला शंका आहे त्याने खाली, बोटीच्या मध्याजवळ बसावं. अगदी मागे डोल कमी असतो, मात्र डिझेलचा धूर तोंडावर येतो.

फोटो काढणाऱ्यांना बोट लागते तिचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. ते दोन फवाऱ्यांमधल्या वेळात मान खाली घालून स्क्रीनवर आधीचे फोटो तपासत बसतात. डोळे स्थिर चौकटीत, शरीर हेलकाव्यांवर, मग पोट ढवळणारच. फोटो किनाऱ्यावर बघा. मधल्या वेळात नजर क्षितिजावर ठेवा. मळमळ कमी होते आणि पुढचा फवाराही तुम्हालाच आधी दिसतो.

श्वास मोजायला शिका

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. देवमासा मनात येईल तेव्हा वर येत नाही, त्याला श्वासाचं वेळापत्रक असतं. ते न समजल्यामुळे जितके फोटो वाया जातात, तितके कॅमेऱ्यामुळे जात नाहीत.

निळा देवमासा साधारण दहा-पंधरा मिनिटांची खोल बुडी मारून वर येतो. मग काही मिनिटं पृष्ठभागाजवळच राहून थोड्या थोड्या सेकंदांनी अनेकदा श्वास घेतो. प्रत्येक वेळी फवारा, मग लांबलचक पाठ, मग शेवटी पाठीवरचा तो गमतीशीर चिमुकला पर. शेवटच्या श्वासानंतर पाठीची कमान नेहमीपेक्षा उंच होते, शेपटीकडचा जाड भाग पाण्याबाहेर येतो, आणि नशीब असेल तर शेपूट उचलली जाते. प्रत्येक देवमासा शेपूट उचलतोच असं नाही.

आता बोटीवर काय होतं बघा. पहिला फवारा दिसताच कॅमेऱ्यांचा कडकडाट सुरू होतो. चौथ्या-पाचव्या श्वासापर्यंत मेमरी भरते, कॅमेरा आधीचे फोटो कार्डावर उतरवत अडकून बसतो आणि नेमकी तेव्हाच शेपूट वर येते. यावर उपाय सोपा आहे. पहिल्या श्वासाला फोटो काढूच नका. कुठल्या दिशेने चाललाय, किती सेकंदांनी वर येतोय, ते साध्या डोळ्यांनी बघा. दुसऱ्या-तिसऱ्याला एखाद-दोन फोटो घेऊन उजेड तपासा. कमान उंच होताना दिसली की मात्र शटरच्या बटणावरचं बोट उचलू नका.

शेपूट गेल्यावर पाण्यावर एक गुळगुळीत, तेल सांडल्यासारखा गोल राहतो. तो शेपटीच्या फटकाऱ्याने उमटलेला असतो. तिकडे बघत बसण्यात अर्थ नाही, कारण देवमासा तिथे परत येणार नाही. घड्याळात वेळ बघा आणि पुढची दहा मिनिटं पाणी प्या. मग तो ज्या दिशेला जात होता तिकडचा समुद्र उघड्या डोळ्यांनी न्याहाळा. लेन्समधून शोधू नका, त्या नळीतून समुद्राचा चतकोर तुकडाही दिसत नाही. नऊ मीटर आणि त्याहून उंच जाणारा उभा फवारा लांबूनही कळतो. बोटीजवळ असेल तर वर येण्याआधी पाण्याखाली फिकट निळा-हिरवा पट्टा उजळतो.

खलाशी ‘टू ओ क्लॉक’ ओरडला की घड्याळाकडे बघू नका. बोटीचं नाक म्हणजे बारा, उजवा हात म्हणजे तीन. हे आधी माहीत नसल्यामुळे अर्धी बोट भलतीकडे बघत राहते.

फवारा उभा नसून पुढे आणि डावीकडे तिरका, झुडपासारखा पसरट असेल, तर तो स्पर्म व्हेल. त्याची बुडी पाऊण तासाचीही असू शकते, तेव्हा कप्तान पुढे निघाला तर त्याच्यावर चिडू नका. डोक्यावर लांबीच्या तीन कडा असलेला आणि शेपूट सहसा न दाखवणारा तो ब्रायडीज व्हेल. त्याच्या शेपटीसाठी ताटकळू नका.

‘अजून जवळ घ्या ना!’

सगळ्यात वाईट फोटो या वाक्यातून निघतात. श्रीलंकेच्या नियमाप्रमाणे बोटीने देवमाशापासून १०० मीटर लांब राहायचं असतं. पर्यटक जास्तीच्या टिपेचं आमिष दाखवतात, कप्तान बोट दामटतो, शेजारच्या चार बोटी मागे धावतात. देवमासा श्वास अर्धवट सोडून बुडी मारतो, आणि सगळ्यांच्या हाती लागते पळणारी पाठ, तीही मागून. दोष फक्त बोटवाल्यांना देऊन चालणार नाही, मागणी आपलीच असते. आपल्याकडे गोव्यात आणि कोकणात डॉल्फिनच्या मागे होड्या पळवल्या जातात त्यातही हेच होतं.

समोरून आडवं जाणारी किंवा वाट अडवणारी बोट देवमाशाला घाबरवते. बाजूने, थोडं मागे राहून, त्याच्याच वेगाने समांतर चालणारी बोट त्याला खपते. मग तो नेहमीसारखा श्वास घेत राहतो. तुम्हालाही त्याची पूर्ण कूस दिसते आणि श्वास मोजायला वेळ मिळतो. तिकीट काढताना एवढंच विचारा: अंतर किती ठेवता? दोन बोटी आधीच तिथे असतील तर काय करता? उत्तर ऐकताना समोरचा हसला तर दुसरीकडे जा. पाण्यात उतरवून देवमाशाबरोबर पोहायला देतो म्हणणाऱ्याकडे तर फिरकूच नका.

या देवमाशांना आधीच त्रास कमी नाही. डोंड्राच्या दक्षिणेकडून जगातला एक अत्यंत गजबजलेला जहाजमार्ग जातो आणि जहाजांच्या धडकेने देवमासे मरतात. २०२२ मध्ये एमएससी या मोठ्या कंपनीने आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. हौशी बोटींनी त्या त्रासात भर घालायचं कारण नाही.

कॅमेरा: कुठे चुकतं

लेन्स जितकी मोठी तितकी बरी, हा समज इथे आपटतो. हिशेब करून बघा. १०० मीटरवर फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्याला ४०० मिमी लेन्स लावली तर चौकटीत साधारण नऊ मीटर रुंदी मावते. शेपटीला ती बरोबर बसते, पण वीस मीटरच्या देवमाशाचा निम्माही भाग येत नाही. ६०० मिमीला रुंदी सहा मीटरवर येते आणि शेपटीची टोकंच कापली जातात. हेलकाव्यात नेम धरणं अवघड ते वेगळंच. १००-४०० किंवा ७०-३०० ची झूम घ्या. बोटीवर लेन्स बदलायचीच नाही, असं ठरवून निघा, कारण खारट तुषार आत गेले की कॅमेरा दुरुस्तीलाच न्यावा लागतो.

फोटो हलतात कारण बोट हलते. शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू नको, १/१६०० असेल तर उत्तम, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर सोडा. ट्रायपॉड हॉटेलवरच ठेवा. कोपर कठड्यावर टेकवू नका, इंजिनाची थरथर थेट लेन्समध्ये येते. पाय फाकवून, गुडघे सैल ठेवून उभे राहा. एक हात धरायला मोकळा ठेवा, आणि लाट येत असेल तर फोटो गेला तरी चालेल.

फोकस पुढच्या लाटेवर बसतो, ही सर्वांची तक्रार. सतत पाठलाग करणारा फोकस लावा आणि सगळी चौकट निवडण्याऐवजी मधले थोडेच बिंदू घ्या. लेन्सवर फोकसचं अंतर मर्यादित करायचं बटण असेल तर जवळचं अंतर बंद करा. फवारा पांढराफटक येत असेल तर एक्स्पोजर थोडं उतरवा. सूर्य समोर आणि मागे गडद पाणी असताना फवारा सोन्यासारखा उजळतो, मात्र कातडीवरच्या खुणा बघायच्या तर सूर्य पाठीशी हवा.

मोबाइलवाल्यांनी झूम करूच नये. आडवा धरून व्हिडिओ चालू ठेवा आणि चौकटीत आपल्या बोटीचं टोक, माणसं, लांबची दुसरी बोट येऊ द्या. नुसत्या पाण्यातला करडा उंचवटा घरच्यांना दाखवला तर ते ‘खडक आहे का?’ विचारतात.

एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट किनाऱ्यावरच्या दमट हवेत काढला की काचेवर वाफ धरते आणि पुसली तरी परत येते. निघण्याआधी बॅग बंदच ठेवून खोलीबाहेर अर्धा-पाऊण तास राहू द्या. परत आल्यावर मीठ कोरड्या फडक्याने घासू नका, काचेवर चरे पडतात. आधी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ कापडाने बाहेरचं अंग पुसा आणि मग कोरडं करा.

फक्त शेपटीचे फोटो ठेवून बाकीचे उडवायचा मोह होईल. थांबा. निळा देवमासा कोणता हे संशोधक त्याच्या कुशीवरच्या ठिपकेदार रंगाच्या नक्षीवरून आणि पाठीवरच्या पराच्या आकारावरून ओळखतात. शेपटीखालच्या काळ्या-पांढऱ्या नक्षीवरून ओळखायची सोय हंपबॅक जातीच्या देवमाशाला आहे. म्हणजे तुम्हाला कंटाळवाणा वाटणारा ‘नुसती पाठ’ फोटो हॅपीव्हेलसारख्या नोंद-संकेतस्थळाला जास्त उपयोगाचा असतो. डावी आणि उजवी कूस दोन्ही मिळाल्या तर फारच छान. मूळ फाइल न कापता ठेवा, तारीख-वेळ पुसू नका, आणि मोबाइलवर फेरीचं ठिकाण नोंदवून ठेवा. कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र बदलायला नको, श्रीलंकेची आणि आपली वेळ एकच आहे.