शिंपल्यांची नक्षीपेटी

वेचून आणलेल्या शिंपल्यांनी लाकडी पेटीचे झाकण सजवायचे असेल, तर त्यातले निम्म्याहून अधिक काम डिंकाची बाटली उघडण्यापूर्वीच उरकलेले असावे लागते. एकोणिसाव्या शतकात खलाशी घरच्यांसाठी ज्या अष्टकोनी शिंपलापेट्या घेऊन जात, त्यांपैकी अनेक बार्बाडोस बेटावर विक्रीसाठी तयार होत असत, आणि त्यांतील गुलाबपाकळ्या व ताराकृती पाहिल्या की एकेका रंगाचे, एकेका मापाचे शिंपले आधी किती बारकाईने निवडले असतील हे लक्षात येते.

वेचताना शंख उलटा करून आत डोकावावे, कारण त्यात मूळ प्राणी किंवा बिऱ्हाड करून राहिलेला खेकडा असू शकतो. तसा आढळल्यास शंख होता तेथेच ठेवावा. काही जातींचे शंख उचलण्यास कायद्याने मनाई असते, त्याची चौकशी आधीच करावी.

घरी आणलेले शिंपले रात्रभर गोड्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने घासावेत आणि सावलीत वाळवावेत. चकाकी यावी म्हणून व्हिनेगर वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण शिंपला मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटचा असल्याने आम्लात तो विरघळू लागतो आणि त्याची नाजूक नक्षी कायमची पुसली जाते. ब्लीच आणि व्हिनेगर तर कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

माळेसाठी भोके हवी असतील, तर आधी ढिगात शोधावे: काही शिकारी गोगलगायी शिंपल्याला गोल, नेटके छिद्र पाडून आतला जीव खातात, आणि असा शिंपला आयताच ओवता येतो. स्वतः भोक पाडायचे झाल्यास शिंपला ओला ठेवून, बारीक पात्याच्या हातड्रिलने, जोर न लावता पाडावे. त्याची कोरडी धूळ फुफ्फुसांना अपायकारक असते, म्हणून मास्क हवाच.

आता झाकणाच्या मापाच्या कागदावर मांडणी करावी. मधोमध एक ठळक शंख ठेवून त्याभोवती कडेकडे जाणारी वर्तुळे रचावीत. पाकळ्यांसाठी पातळ, किंचित वळलेले शिंपले एकमेकांवर थोडे चढवून तिरके ठेवले की फूल उठून दिसते. मांडणी एक-दोन दिवस तशीच राहू द्यावी, कारण सकाळच्या उजेडात तिच्यातल्या चुका दिसतात. तिचे छायाचित्र काढून ठेवले, म्हणजे नंतर क्रम चुकत नाही.

सपाट तुकड्यांना लाकूड चिकटवण्याचा पांढरा डिंक पुरतो, मात्र फुगीर शंखांना टेकायला जागा कमी असल्याने त्यांच्यासाठी इपॉक्सी, म्हणजे दोन घटक मिसळून वापरायचा घट्ट चिकटणारा पदार्थ, घ्यावे. मधून कडेकडे चिकटवत जावे, झाकण चोवीस तास आडवे ठेवावे आणि पेटी थेट उन्हात ठेवू नये, कारण गुलाबी व जांभळ्या छटा उन्हाने उडतात.