‘पर्यंत’, ‘ने’, ‘ऊन’: इंग्रजीतला ‘बाय’ कुठे वापरायचा?

‘शुक्रवारपर्यंत अर्ज द्या’ आणि ‘शुक्रवारपर्यंत ऑफिस बंद आहे’. मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’ चालतं. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय फ्रायडे’ लागतं, दुसऱ्याला ‘टिल फ्रायडे’. ‘आय विल सेंड इट टिल फ्रायडे’ ही चूक इथूनच येते.

ओळखायची युक्ती सोपी आहे. ‘पर्यंत’नंतर ‘कधीही’ घालून बघा, मग ‘सतत’ घालून बघा. ‘शुक्रवारपर्यंत कधीही द्या’ जमलं, तर बाय. ‘शुक्रवारपर्यंत सतत बंद’ जमलं, तर टिल. ‘बाय फ्रायडे’त शुक्रवारही धरतात, पण वाद नको असेल तर वेळच लिहा: ‘बाय 5 पीएम ऑन फ्रायडे’.

‘ने’ जास्त फसवतं. काम कोणी केलं हे सांगताना बाय, पण हातातल्या हत्याराला विथ: चाकूने कापलं म्हणजे ‘कट विथ अ नाइफ’. वाहनाला बाय, आणि मधे अ किंवा द नाही: ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’. गाडी कोणाची ते सांगितलं की बाय जातो: ‘इन माय कार’. चालत म्हणजे ‘ऑन फूट’.

आकड्यांत तर पैशाचाच प्रश्न येतो. 2000 रुपये फी ‘बाय 500’ वाढली, तर ती 2500 झाली. ‘टू 2500’ म्हणजे वाढून 2500 वर गेली. ‘500 ने’ म्हणजे बाय, ‘2500 वर’ म्हणजे टू. पगारवाढीचं पत्र वाचताना हा एक शब्द आधी शोधा.

‘ऊन’ला बाय लावण्यापूर्वी ‘कसं?’ विचारा. ‘घाऊक घेऊन पैसे वाचवले’: कसे वाचवले? घाऊक घेऊन. म्हणून ‘बाय बाइंग इन बल्क’. ‘जेवून गेला’ हे ‘कसा गेला?’चं उत्तर नाही, तिथे ‘आफ्टर’ हवं.

खोलीच्या मापातला बाय गुणाकाराचा: 10 बाय 12 फूट म्हणजे 120 चौरस फूट. आपल्या गणिताच्या वर्गातला 3 बाय 4 मात्र भागाकाराचा, म्हणजे पाऊण. हा दुसरा वापर भारतातला आहे. परदेशी सहकाऱ्याशी बोलताना ‘थ्री ओव्हर फोर’ किंवा ‘थ्री क्वार्टर्स’ म्हणा.