‘अ‍ॅक्सेस दिलाय’ म्हणजे नेमकं काय दिलंय?

नोकरीच्या तिसऱ्या दिवशी माझ्या आउटलुकमध्ये डावीकडे एक नवा मेलबॉक्स आपोआप उगवला. टीमचा सपोर्टचा पत्ता. आत चारेकशे न वाचलेल्या मेल. सीनियरने खुर्ची फिरवून विचारलं, “दिसतोय ना? मग कालच्या तक्रारीचं उत्तर दे पाठवून.” मी मोठ्या उत्साहाने उत्तर लिहिलं, दोनदा वाचलं, पाठवलं. अर्ध्या मिनिटात मेल परत आली. कारण लिहिलं होतं की, या वापरकर्त्याच्या वतीने मेल पाठवायची तुम्हाला परवानगी नाही.

आयटीला फोन केला. पलीकडून उत्तर आलं, “मॅडम, अ‍ॅक्सेस तर दिलाय. फुल अ‍ॅक्सेस.”

नवीन माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं. वाद न घालता ‘फ्रॉम’मधला टीमचा पत्ता बदलून स्वतःचा टाकला आणि मेल पाठवून टाकली. गेली. काम झालं असं वाटलं. पण त्या ग्राहकाकडे आता माझा पत्ता होता, आणि पुढची प्रत्येक शंका तो थेट मलाच पाठवू लागला. टीमच्या इनबॉक्समध्ये त्याची पहिली तक्रार अनुत्तरित दिसत होती, खरा पत्रव्यवहार माझ्याकडे साचत होता. पुढच्या महिन्यात मी पाच दिवस रजेवर गेले. परत आले तर त्याच्या तीन मेल माझ्या इनबॉक्समध्ये पडलेल्या, तिसरीतली भाषा इथे लिहिण्यासारखी नाही. टीममधल्या कुणालाच याची कल्पना नव्हती, कारण कुणाला दिसतच नव्हतं.

त्या प्रकरणात मला कळलं की ‘अ‍ॅक्सेस’ हा एकच शब्द तोंडी वापरला जातो, पण मागे परवानग्या वेगवेगळ्या असतात. मायक्रोसॉफ्टच्या शेअर्ड मेलबॉक्समध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या मेलबॉक्समध्ये, मुख्य तीन. फुल अ‍ॅक्सेस म्हणजे मेलबॉक्स उघडणं, वाचणं, हलवणं, खोडणं. नावात ‘फुल’ असलं तरी पाठवणं त्यात येत नाही, आणि सगळा घोळ या नावानेच होतो. सेंड अ‍ॅज म्हणजे मेल थेट टीमच्या पत्त्यावरून जाते, तुमचं नाव कुठेच दिसत नाही. सेंड ऑन बिहाफ म्हणजे जाते टीमच्या वतीने, पण समोरच्याला ‘अमुक, तमुकच्या वतीने’ असं दोन्ही दिसतं. ग्राहकांशी बोलणाऱ्या टीमला बहुधा सेंड अ‍ॅज हवं असतं. साहेबांच्या वतीने मेल लिहिणाऱ्या सहायकाला ऑन बिहाफ शोभतं. तुम्हाला कुठलं हवंय हे आयटी ठरवू शकत नाही. त्यांना तुमचं काम माहीत नसतं, आणि ते माहीत करून घेण्याइतका वेळही नसतो.

म्हणून विनंती टाकताना ‘मला टीमच्या मेलबॉक्सचा अ‍ॅक्सेस द्यावा’ असं लिहू नका. मी हल्ली नव्या लोकांकडून असं लिहून घेते: “सपोर्टच्या शेअर्ड मेलबॉक्ससाठी मला फुल अ‍ॅक्सेस आणि सेंड अ‍ॅज या दोन्ही परवानग्या हव्या आहेत. मेलबॉक्सच्या मालकाची मंजुरी सोबत जोडली आहे. आउटलुकमध्ये आपोआप दिसावा, ग्रुपमार्फत न देता थेट माझ्या खात्याला द्यावा.” चार ओळी, पण मागचे-पुढचे सहा फोन वाचतात.

शेवटच्या वाक्याचं कारण सांगते. फुल अ‍ॅक्सेस थेट माणसाच्या खात्याला दिला की डेस्कटॉपवरच्या आउटलुकमध्ये मेलबॉक्स आपसूक येतो. सिक्युरिटी ग्रुपला, म्हणजे अनेक खात्यांना एकत्र परवानगी द्यायला केलेल्या गटाला, दिला तर परवानगी चालते, पण मेलबॉक्स स्वतःहून दिसत नाही, हाताने जोडावा लागतो. अ‍ॅडमिनला ग्रुप सोयीचा असतो हे खरं. माणसं आली-गेली की एकाच जागी बदल करायचा. मोठ्या टीमला तोच मार्ग बरा, फक्त मग नव्या माणसाला ‘हाताने जोड’ हे कुणीतरी सांगायला हवं. नाहीतर तो दोन दिवस रिकाम्या पडद्याकडे बघत बसतो आणि आयटी म्हणत राहते की आमच्याकडून सगळं झालंय. ब्राउझरमधल्या आउटलुकमध्ये तर तो तसाही स्वतः जोडायचा असतो. फोल्डरच्या यादीवर राइट क्लिक केलं की शेअर्ड मेलबॉक्स जोडायचा पर्याय मिळतो.

आणि जरा धीर धरा. परवानगी दिल्यावर ती लागू व्हायला तासभर लागू शकतो. मी पहिल्यांदा दहा मिनिटांत तीन तक्रारी टाकल्या होत्या. तिसरीवरचं उत्तर फक्त ‘वाट पहा’ इतकंच होतं, आणि ते बरोबर होतं.

एक प्रश्न नवे लोक हमखास विचारतात: या मेलबॉक्सचा पासवर्ड काय? उत्तर: तुम्हाला लागतच नाही. तुम्ही स्वतःच्या खात्याने लॉगिन करता आणि परवानगीच्या जोरावर तो मेलबॉक्स उघडतो. त्याच्या मागे एक खातं असतं, पण त्यावरून थेट लॉगिन बंद ठेवायचं असतं. ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्सही लागत नाही. त्यामुळे ‘लायसन्सचे पैसे वाचवायला सगळ्यांनी एकच लॉगिन वापरू’ असं कुणी म्हणत असेल तर त्यांना हे सांगा. वाचत काहीच नाही, कारण मुळात खर्चच नाही.

एकच पासवर्ड सगळ्यांत फिरवण्याचा प्रकार मी याआधीच्या एका ठिकाणी पाहिला आहे. पासवर्ड फळ्यावर लिहिलेला असायचा. मग कुणीतरी शहाणपणा करून टू-स्टेप सुरू केलं, आणि कोड जाऊ लागले एकाच सहकाऱ्याच्या फोनवर. तो जेवायला गेला की आमचं काम बंद. तो नोकरी सोडून गेला तेव्हा त्याला रोज दोनदा फोन करून ‘कोड आला का रे’ विचारावं लागायचं. बिचारा आठवडाभर सांगत राहिला, मग उचलेनासा झाला. त्यात कुणी काय पाठवलं याचा मागही राहत नाही. खोडलं कुणी, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघणार.

त्याच ठिकाणी मेल गायब व्हायच्या. सकाळी आलेली मेल दुपारी नसायची. बरेच दिवस आम्ही एकमेकांवर संशय घेतला. शेवटी सापडला कोपऱ्यातला एक जुना कॉम्प्युटर. त्यावर तोच पत्ता ‘पॉप’ या मेल उतरवून घ्यायच्या पद्धतीने जोडलेला होता, आणि सर्व्हरवर प्रत ठेवायची खूण काढलेली. पॉप मेल खाली उतरवतं आणि सांगितलं नाही तर सर्व्हरवरून पुसतं. ‘आयमॅप’ या दुसऱ्या पद्धतीत मेल सर्व्हरवरच राहते आणि सगळ्यांना एकच चित्र दिसतं. साध्या होस्टिंगवरचा पत्ता चारजण वापरणार असाल तर आयमॅपच, यात चर्चेला जागा नाही.

गुगलकडे रचना वेगळी आहे आणि शब्दही वेगळे. जीमेलमध्ये डेलिगेशन, म्हणजे आपलं खातं दुसऱ्याला वापरू देणं, असतं: मूळ खात्याच्या सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’खाली जाऊन खात्याचा अ‍ॅक्सेस द्यायचा, समोरच्याला निमंत्रणाची मेल जाते, त्याने ती स्वीकारायची. निमंत्रण ७ दिवसांत स्वीकारलं नाही तर बाद. स्वीकारल्यावरही लागू व्हायला २४ तास लागू शकतात. साध्या जीमेल खात्याला असे १० डेलिगेट जोडता येतात. ऑफिसच्या वर्कस्पेस खात्यात याहून खूप जास्त, पण तिथे अ‍ॅडमिनने ती सोय आधी सुरू ठेवलेली असावी लागते. डेलिगेट मेल वाचतो, पाठवतो, खोडतो. पासवर्ड मात्र बदलू शकत नाही. आणि एक बघून घ्या: पाठवलेल्या मेलमध्ये डेलिगेटचा पत्ताही दाखवायचा की फक्त मूळ खात्याचा, हे तिथेच ठरवता येतं. ते न बघता तुमचा पत्ता शंभर लोकांकडे पोचू शकतो.

गुगलचा दुसरा पर्याय म्हणजे गुगल ग्रुपला (अनेकांचा मिळून एक पत्ता) कोलॅबोरेटिव्ह इनबॉक्स, म्हणजे टीमचा सामायिक इनबॉक्स, करणं. त्यात आलेली मेल एखाद्याच्या नावावर लावता येते, ‘पूर्ण’ किंवा ‘आधीचीच पुन्हा’ अशी खूण करता येते. माझं मत विचाराल तर चार-पाचपेक्षा जास्त माणसं एकाच पत्त्यावर बसणार असतील तर हे डेलिगेशनपेक्षा बरं. कारण खरा त्रास मेल उघडते की नाही याचा नसतोच.

खरा त्रास असा. सकाळी साडेनऊला मी एक मेल उघडली. अवघड होती, हिशेब विचारून उत्तर द्यायचं होतं. म्हटलं, चहानंतर बघू. पण मी उघडल्या क्षणी ती सगळ्यांसाठी ‘वाचलेली’ झाली. ठळक अक्षरं गेली. शेजारच्याने पाहिलं, त्याला वाटलं कुणीतरी घेतली. तिसरीलाही तेच वाटलं. मी चहानंतर दुसऱ्याच कामात अडकले. ती मेल तशीच पडून राहिली, आणि पडून राहण्याचं कारण ती वाचली गेली होती हे. न उघडता राहिली असती तर अकरापर्यंत कुणीतरी नक्की घेतली असती.

शेअर्ड मेलबॉक्समध्ये ‘वाचलं/न वाचलं’ ही खूण माणसागणिक वेगळी नसते, पेटीची असते. हे कुणी शिकवत नाही. आमच्या टीमने मग साधा नियम केला: उघडली की लगेच रंगाची कॅटेगरी लावायची, प्रत्येकाचा एक रंग, नाव लिहिलेला. रंग नाही म्हणजे मेल बेवारस, ती ‘न वाचलेली’ करून ठेवायची. आउटलुकमध्ये नुसतं प्रीव्ह्यूत पाहिल्यावर आपोआप वाचलेली होऊ नये अशी सेटिंगही असते, ती पहिल्याच दिवशी बदला. नव्या जागी रुजू झालात की आधी ‘आपल्याकडे मेल कुणाची हे कसं कळतं’ हा प्रश्न विचारा. ‘आम्ही बोलतो ना एकमेकांत’ असं उत्तर आलं तर काळजी घ्या.

पाठवलेल्या मेलची गोष्टही अशीच. टीमच्या पत्त्यावरून पाठवलेल्या मेलची प्रत मायक्रोसॉफ्टमध्ये मुळात तुमच्या स्वतःच्या ‘सेंट’मध्ये जाते. टीमच्या मेलबॉक्समध्येही प्रत राहावी यासाठी अ‍ॅडमिनला वेगळी सेटिंग चालू करावी लागते, आणि सेंड अ‍ॅज व ऑन बिहाफ या दोन्हींसाठी ती वेगवेगळी आहे. ती नसेल तर ‘याला उत्तर दिलं का कुणी?’ हा प्रश्न दिवसातून दहादा ऐकू येतो. खोडलेल्याचंही तेच. विंडोजवरच्या जुन्या आउटलुकमध्ये टीमच्या मेलबॉक्समधली मेल तुम्ही खोडली की ती तुमच्या कचऱ्यात जाते, टीमच्या नाही. एकदा आमची हरवलेली पर्चेस ऑर्डर अशीच एकाच्या वैयक्तिक ‘डिलीटेड’मध्ये निघाली होती.

म्हणून परवानगी मिळाल्याचं कळलं की मी एक छोटी तपासणी करते. माझ्या घरच्या पत्त्यावरून टीमच्या पत्त्यावर मेल टाकायची. ऑफिसच्या खात्यातून तिला उत्तर द्यायचं. घरच्या खात्यात बघायचं की पाठवणारा म्हणून कुणाचं नाव दिसतंय. मग टीमच्या ‘सेंट’मध्ये प्रत आली का बघायचं. शेजाऱ्याला विचारायचं, तुला दिसतेय का. पाच मिनिटांचं काम, पण ग्राहकावर प्रयोग होत नाही.

पत्त्याच्या नावाबद्दल जाता जाता: इन्फो, सपोर्ट, सेल्स, पोस्टमास्टर ही नावं कुणाच्या मनातून आलेली नाहीत. अशी नेहमीची नावं १९९७ च्या आरएफसी २१४२ या इंटरनेटच्या संकेतांच्या दस्तऐवजात सुचवलेली आहेत. नवा पत्ता काढायची जबाबदारी तुमच्यावर आली तर यातलंच एखादं घ्या, समोरच्याने अंदाजाने टाइप केलं तरी मेल पोचते.

मागच्या वर्षी मी टीम बदलली. नव्या कामात चार महिने झाले तरी माझ्या आउटलुकमध्ये डावीकडे सपोर्टचा मेलबॉक्स तसाच होता, रोज आकडा वाढत. शेवटी मीच तिकीट टाकलं: फुल अ‍ॅक्सेस आणि सेंड अ‍ॅज दोन्ही काढावेत, टीम बदलल्याची तारीख अमुक. आयटीतल्या मुलाचा फोन आला. म्हणाला, “मॅडम, काढायची विनंती आहे ना ही? मला वाटलं चुकून लिहिलंय.”