राष्ट्रपती भवनातील दालनाचा इतिहास कसा लिहावा

राष्ट्रप्रमुखाच्या निवासातील एखाद्या दालनाचा इतिहास लिहायचा असेल, तर इमारत पुरी झाल्याच्या वर्षावर समाधान मानू नये. छत, जमीन, भिंतींवरील चित्रे आणि तेथे होणारे समारंभ यांचा काळ सहसा एक नसतो. म्हणून प्रत्येकाची तारीख स्वतंत्रपणे शोधावी आणि मगच लेखाची मांडणी करावी.

राष्ट्रपती भवनातील अशोक मंडप हे याचे उत्तम उदाहरण आहे. ब्रिटिश वास्तुविशारद ल्युटेन्स यांनी आखलेली ही वास्तू 1929 मध्ये पूर्ण झाली, तेव्हा हे दालन व्हाइसरॉयच्या नृत्यसमारंभांसाठी होते आणि त्याची लाकडी जमीन आजही त्या वापराची साक्ष देते. मध्यभागचे जुने चित्र सोडून छतावरील पर्शियन शैलीची चित्रे मात्र व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांच्या कारकिर्दीत, 1932-33 च्या सुमारास, इटालियन चित्रकार कोलोनेलो यांच्या देखरेखीखाली भारतीय कलावंतांनी रंगविली. त्या छताच्या मध्यभागी शिकारीच्या प्रसंगात दिसणारा इराणचा फत अली शाह 1797 ते 1834 या काळात राज्य करीत होता. स्वातंत्र्यानंतर येथे परदेशी राजदूत आपली अधिकारपत्रे राष्ट्रपतींना सादर करू लागले, आणि अशोक हॉलचे अशोक मंडप हे नामकरण तर जुलै 2024 मधील आहे. हे सारे थर एका वाक्यात कोंबले, तर वाचकाला चित्रे, वास्तू आणि आजचा वापर एकाच काळातील वाटतील. लेखकाने सर्वांत जास्त जपायचे ते येथे.

गोव्यातील अभ्यासकाने दिल्लीच्या दालनाकडे वळण्यापूर्वी पणजीत हात बसवून घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मांडवीकाठचा आदिलशहाचा राजवाडा 1759 पासून पोर्तुगीज व्हाइसरॉयचे निवासस्थान होता. 1918 मध्ये गव्हर्नरांचे वास्तव्य काबो येथे, म्हणजे राज्यपालांच्या आजच्या निवासस्थानी, गेले. आणि मुक्तीनंतर त्याच राजवाड्यात सचिवालय व विधानसभा आली. या प्रत्येक स्थलांतराच्या वेळी कोणते सामान हलले आणि कोणत्या खोलीचा वापर बदलला, हे दुरुस्तीच्या नोंदींत आणि सरकारी पत्रव्यवहारात शोधावे. त्यासाठी गोव्याच्या पुराभिलेखागारात जावे. 1595 मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कौतो यांच्याकडे सोपविलेल्या दफ्तराची ही परंपरा आहे आणि इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्याची केलेली मार्गदर्शक सूची आजही वाट दाखविते. जुने पोर्तुगीज हस्ताक्षर वाचता येत नसेल, तर जाणकाराची मदत घेण्यात कमीपणा मानू नये.

भिंतीवरील तसबिरींबाबत अधिक सावध राहावे. पोर्तुगीज व्हाइसरॉय व गव्हर्नरांच्या चित्रांची मालिका गव्हर्नर दों जुवांव द कास्त्रो यांनी 1547 मध्ये सुरू केली. ती आज जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालयात पाहावयास मिळते. नंतरच्या काळात तिच्यातील अनेक चित्रांवर पुन्हा पुन्हा रंग चढविला गेला. त्यामुळे ‘हे चित्र सोळाव्या शतकातील आहे’ असे सरळ लिहू नये. मूळ चित्र केव्हाचे आणि वरचा रंग केव्हाचा, हे दोन्ही नोंदवावे, आणि चित्राखाली लिहिलेले नाव दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहिल्यावरच आपल्या लेखात घ्यावे.