जुना ओएलईडी टीव्ही घेताय? नुसत्या बिलावरच्या तारखेवर जाऊ नका

"किती वर्षं झाली टीव्हीला?" वापरलेला महागडा टीव्ही बघायला गेलं की आपण पहिल्यांदा हेच विचारतो. चूक तिथेच होते. किती वर्षं यापेक्षा किती तास, त्यात काय बघितलं आणि रात्री बटण कुठून बंद केलं, हे कळायला हवं.

दिवाळीच्या आधी मावसभावाबरोबर कोथरूडला ५५ इंची ओएलईडी (ज्यात पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो असा टीव्ही) बघायला गेलो होतो. बिल तीन वर्षांपूर्वीचं. स्टँड, रिमोट, मूळ खोकंसुद्धा जपून ठेवलेलं. विकणाऱ्या काकांनी यूट्यूबवर समुद्राखालच्या माशांचा फोर-के व्हिडिओ लावला, तो इतका सुंदर दिसला की भाऊ लगेच पैसे पाठवायला निघाला. त्याला थांबवून मी पेनड्राइव्ह लावला आणि पूर्ण पडद्यावर नुसता राखाडी रंग आणला. तळाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक मळकट आडवा पट्टा उमटलेला होता. लाल रंग लावल्यावर वरच्या कोपऱ्यात वाहिनीच्या लोगोचा चौकोनही दिसला. सेटिंग्जमध्ये तास बघितले, तर ११,२००. म्हणजे रोजचे दहा तासांहून जास्त. रोज चार तास टीव्ही बघणाऱ्या घरात एवढे तास व्हायला साडेसात वर्षं लागली असती. काकांनी काही लपवलं नव्हतं. सकाळी उठल्यापासून बातम्या चालू असतात, एवढंच त्यांनी सांगितलं, आणि तो पट्टा त्यांनाही त्याच दिवशी पहिल्यांदा दिसला.

म्हणून झगमगीत व्हिडिओ बघून टीव्ही पसंत करू नका. हलत्या, रंगीत चित्रात डाग लपतात. गडद राखाडी, मध्यम राखाडी, लाल, पिवळा आणि पांढरा असे पाच सपाट रंगांचे फोटो पेनड्राइव्हवर घेऊन जा. पडदे ओढा, वीजबचतीचा मोड बंद करा आणि एकेक रंग निवांत बघा. बातम्यांची पट्टी, क्रिकेटचा स्कोअर, मालिकांच्या वाहिनीचा लोगो, गेममधले कायम एकाच जागी असलेले आकडे, हे सगळं पॅनेलवर कोरलं जातं. अगदी गडद राखाडीवर पुसट उभ्या रेषा दिसल्या तर घाबरू नका, त्या नव्या ओएलईडीतही थोड्याफार असतात. अक्षरं किंवा चौकोन ओळखू आला, तर मात्र मागे फिरलेलं बरं.

आता बटणाचं. आपल्याकडे रिमोटने टीव्ही बंद केला की लगेच बोर्डावरचं बटणही बंद करायची पद्धत आहे. साध्या टीव्हीला त्याने काही होत नाही. ओएलईडीचं तसं नाही. एलजीच्या ओएलईडीत साधारण चार तासांचा वापर साठला की टीव्ही रिमोटने बंद केल्यावर काही मिनिटं पॅनेल स्वतःची दुरुस्ती करतं, आणि दर २,००० तासांनी तासाभराची मोठी फेरी होते. त्यासाठी बोर्डावरून वीज चालू लागते. रोज रात्री बटण खाली केलं तर हे काम होतच नाही, मग थोडे तास वापरलेल्या टीव्हीवरही सावल्या राहतात. "रात्री बटण बंद करता का?" हा प्रश्न मी हल्ली किमतीच्याही आधी विचारतो. उत्तर 'हो' असेल आणि सावली पुसट असेल, तर विकणाऱ्यालाच सेटिंग्जमधून पिक्सेल रिफ्रेश (म्हणजे तीच मोठी फेरी) एकदा चालवायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. त्यानंतरही उरलेला डाग कायमचा समजा. हा रिफ्रेश पुन्हा पुन्हा चालवू नका, त्याने पॅनेलच झिजतं.

तास बघायला एलजीच्या अलीकडच्या मॉडेलांत टीव्हीच्या माहितीच्या पानावर 'टोटल पॉवर ऑन टाइम' असतो. बाकी काही कंपन्यांत तो सर्व्हिस मेनूत, म्हणजे मेकॅनिकसाठीच्या सेटिंग्जमध्ये दडलेला असतो. तिथलं माहीत नसेल तर हात लावू नका, एखादी सेटिंग हलली तर चांगला टीव्ही बिघडायचा.

वय मॉडेल नंबरावरूनही कळतं. एलजीचा सी९ २०१९ चा, सीएक्स २०२० चा, सी१ २०२१ चा, सी२ २०२२ चा. सोनीचं शेवटचं अक्षर बघा: जी २०१९, एच २०२०, जे २०२१, के २०२२. सॅमसंगमध्ये वर्षाचं अक्षर नंबराच्या मध्ये असतं: आर २०१९, टी २०२०, ए २०२१, बी २०२२. दुकानात जुना माल दोन-दोन वर्षं पडून असतो, त्यामुळे बिल २०२२ चं आणि मॉडेल २०२० चं असं सर्रास आढळतं. मागच्या स्टिकरचा फोटो आधीच मागवून घ्या.

क्यूएलईडी आणि ओएलईडी एकच समजणारे बरेच भेटतात. क्यूएलईडी म्हणजे मागून उजेड टाकणारा एलसीडीच, त्याचे आजार वेगळे. पांढऱ्या पडद्यावर एखादा कोपरा काळवंडलेला, निळसर-जांभळा डाग किंवा गोल तेजस्वी ठिपका दिसला, तर आतल्या एलईडी पट्ट्या जात चालल्यात. हे गरम झाल्यावर जास्त उघड होतं, म्हणून टीव्ही निदान पाऊण तास चालू ठेवा. चहा घ्या, गप्पा मारा, पण बंद करू देऊ नका.

सगळे एचडीएमआय पोर्ट एकेक करून तपासा. वळवाच्या विजांमध्ये डिशच्या वायरीतून सेट-टॉप बॉक्समार्गे आलेल्या झटक्याने एखादा पोर्ट मेलेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. मुंबई-कोकणातला टीव्ही असेल तर मागचे स्क्रू बघा. ते गंजलेले असतील तर आतल्या बोर्डाचीही तीच अवस्था असू शकते. अमेरिकेहून परतलेल्यांनी आणलेल्या टीव्हीवर '१००-२४० व्होल्ट' छापलंय का ते प्लग लावायच्या आधी वाचा. नुसतं १२० असेल तर तो आपल्या बोर्डाला लावायचा नाही.

व्यवहार ठरला तर राखाडी पडद्याचा फोटो तिथेच, विकणाऱ्यासमोर काढा. टीव्ही टेम्पोत उभाच न्या, दोघांनी खालची कड धरून. ओएलईडीचा वरचा भाग काचेइतका पातळ असतो. आडवा ठेवून खड्ड्यातून नेला, तर बाहेरून काहीच दिसत नाही आणि घरी लावल्यावर मधोमध रेघ निघते. ती वाटेत पडली की आधीचीच होती, हे त्या फोटोवरूनच ठरतं.